मंडईत जाऊन येते

गेल्या महिन्यात ऑफिसात डबे खाताना विषय निघाला की माणसामाणसांत जास्त फूट कोण पाडतं, राजकारण की धर्म. दोन मिनिटांत निकाल लागला, राजकारण. प्रत्येकाकडे एकेक किस्सा तयारच होता, कुणाचा साडू फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडलेला, कुणाच्या मामाने लग्नाला यायचं टाळलेलं, कुणाच्या सोसायटीत निवडणुकीनंतर दोन गट पडून गणपतीची वर्गणीसुद्धा वेगवेगळी जमा झालेली. आणि धर्म? "छे, आमच्या घरात त्यावरून कधी वाद झालाच नाही." हे वाक्य तिघाचौघांनी म्हटलं आणि मीही मान डोलावली. संध्याकाळी घरी येताना डेक्कनच्या सिग्नलला थांबले होते आणि एकदम आत्या आठवली. आमच्याही घरात धर्मावरून कधी वाद झाला नाही हे खरंच आहे, एकदाही नाही. पण आत्या चौदा वर्षं घरात नव्हती.

म्हणून लिहायला बसलेय, जरा लांबेल.

आमचा वाडा कसबा पेठेत होता. आजी-आजोबा, बाबा, काका आणि सगळ्यात धाकटी आत्या. बाबा सेवा दलात वाढलेले, काका शाखेत जाणारे, पुण्यात अशी घरं तेव्हा खूप होती, सकाळी एकाच स्टोव्हवरचा चहा पिऊन दोन भाऊ दोन दिशांना जायचे. आणीबाणी आली तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात दोन्हीकडची माणसं एकत्र कोंडली गेली आणि १९७७ ला जनता पक्ष झाला, समाजवादी आणि जनसंघ एकाच पक्षात. पुण्यातून मोहन धारिया उभे होते आणि बाबा-काका दोघं एकाच डब्यातली खळ घेऊन रात्ररात्र भिंतींवर पोस्टरं चिकटवत फिरले. हे दोघंही अजून सांगतात, आणि सांगताना चेहरा दोघांचा सारखाच होतो. पुढे दोन वर्षांतच पक्षाचं आणि संघाचं सदस्यत्व एकत्र चालेल का या वादात ते सगळं फाटलं, आणि घरात पुन्हा रोज रात्री जेवताना वादावादी सुरू. आवाज चढायचे, आजी म्हणायची आमटी गार होतेय, मग खाली माना घालून जेवायचे. एकमेकांना 'तुमचे लोक' म्हणायचे पण ताटं शेजारी शेजारीच असायची.

आत्या कॅम्पातल्या एका बँकेत लागली होती. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिचं जमलं. ते गुरुवार पेठेतले, पंचहौदाजवळचे, मराठी ख्रिस्ती. आडनावावरून काही कळायचं नाही, बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग म्हणणारं घर. आत्याने घरी आधी सांगितलं नाही. दोघांपैकी कुणालाच धर्म बदलायचा नव्हता म्हणून रजिस्टर लग्न ठरवलं, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. त्या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत बोर्डावर लागते आणि हरकतीसाठी तीस दिवस थांबावं लागतं. हे तीस दिवस लांबून वाचायला छोटी गोष्ट वाटते, पण त्याच दिवसांत पेठेतल्या कुणीतरी तो कागद वाचला आणि आजोबांना येऊन सांगितलं. १९८४ ची गोष्ट, मी सहा वर्षांची होते.

मला भांडण आठवत नाही कारण भांडण झालंच नाही. आजोबा झोपाळ्यावर बसून एवढंच म्हणाले की यापुढे या घरात तिचं नाव निघणार नाही. काका काही बोलले नाहीत, ते मी समजू शकते. पण बाबाही काही बोलले नाहीत. माझे बाबा, एक गाव एक पाणवठ्याच्या गप्पा मारणारे, मोर्च्यांना जाणारे, बाबा आढावांचं भाषण ऐकून आले की दोन दिवस तेच सांगणारे. रोज संध्याकाळी ज्या दोन भावांचं कशावरच एकमत व्हायचं नाही त्यांचं त्या दिवशी एकही शब्द न बोलता एकमत झालं. लग्नाला तीन साक्षीदार लागतात, तिघंही बँकेतलेच होते.

कायद्याचंही सांगते, कारण हे मला खूप उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा पोटात कालवलं. १९५४ च्या त्या कायद्यात एकोणिसावं कलम आहे, त्याप्रमाणे हिंदू एकत्र कुटुंबातल्या माणसाने या कायद्याखाली लग्न केलं की तो माणूस त्या कुटुंबातून विभक्त झाला असं मानलं जातं. १९७६ च्या दुरुस्तीने नवराबायको दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते लागू होत नाही, पण आत्याच्या बाबतीत ते लागू होतं. वारसाहक्क वगैरे त्यामुळे बुडत नाही, धर्म सुटला म्हणून वारसा जाणार नाही हे तर १८५० पासूनच कायद्यात आहे. त्यातून तेव्हा मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच हिस्सा असा नव्हताच, त्यामुळे व्यवहारात आत्याला त्याने काही फरक पडला नसणार. पण सरकारी कागदावर हे वाक्य आहे, लग्न केलंस, तू त्या घरातली राहिली नाहीस. मत दुसऱ्या पक्षाला दिलं म्हणून माणूस कुटुंबातून विभक्त झाला असं मानावं असं कलम कुठे नाही.

आजीने मात्र तिचं तिचं काढलं. दर शनिवारी दुपारी आजोबा झोपले की ती पिशवी घ्यायची आणि म्हणायची, मंडईत जाऊन येते. दीड तास. परत यायची तेव्हा पिशवीत एक मेथीची जुडी आणि चार लिंबं. एवढ्यासाठी कसब्यातून मंडईपर्यंत का जायचं असं आजोबांनी कधी विचारलं नाही, मला आता वाटतं त्यांना सगळं माहीत होतं. मी आठनऊ वर्षांची झाल्यावर मलाही न्यायला लागली. तुळशीबागेत राममंदिराच्या आवारात आत्या उभी असायची, कधी बँकेतून तशीच आलेली, कधी पोटात बाळ असलेली, मग कडेवर माझा आतेभाऊ असलेली. आजी पदराखालून डबा काढायची, त्यात कधी पुरणपोळी, कधी नुसती मुगाची खिचडी. बोलायच्या फार थोडं. निघताना आजी माझ्याकडे बघून म्हणायची, "घरी सांगायचं नाही हं बाळा." मी कधीच सांगितलं नाही. घरी सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट सगळे एकमेकांपासून चौदा वर्षं लपवत होते, आणि त्याला आम्ही आमच्या घरात धर्मावरून कधी वाद नाही असं म्हणत होतो.

१९९८ ला आजोबा गेले. वैकुंठ स्मशानभूमीच्या बाहेरच्या फाटकाजवळ आत्या आणि आतोबा उभे होते, आत आले नाहीत. बाबा खांदा देत पुढे होते, त्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. हे मला त्यांनीच सांगितलं, फार वर्षांनी, आणि सांगताना पुन्हा तशीच मान खाली घातली.

तेराव्यानंतर पुढच्या शनिवारी आजी म्हणाली, "मला रिक्षा बघून दे, गुरुवार पेठेत जायचंय." पिशवी घेतली नाही. आत्याच्या घरी पोचल्यावर आतोबांनी चहा केला आणि कप समोर ठेवताना त्यांचाच हात कापत होता. ज्यांना पंचहौदाची गोष्ट माहीत आहे त्यांना यातलं कळेल. १८९० साली तिथल्याच मिशनमध्ये पुण्यातली मोठी मोठी मंडळी व्याख्यानाला गेली होती, समोर चहा-बिस्किटं आली, कुणी घेतला, कुणी नुसता हात लावला, आणि मग ती नावं छापून आल्यावर जे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचं प्रकरण, माजलं ते थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे, दोघांचीही नावं त्यात. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं ते स्वतःसाठी नाही, सोबतच्या मंडळींची घरची कार्यं अडू नयेत म्हणून. एक कप चहा, आणि माणसांना लग्नाला-श्राद्धाला भटजी मिळेना. आजीला ही गोष्ट तिच्या सासऱ्यांकडून माहीत होती. तिने कप उचलला, पूर्ण प्यायली आणि म्हणाली साखर थोडी कमी चालेल मला. त्यानंतर पाचच वर्षं होती ती.

आता राजकारणाचं सांगते, कारण ज्यांच्या घरात ते झालंय त्यांचं दुःख मला खोटं ठरवायचं नाहीये.

वाडा पाडून बिल्डिंग झाली, बाबा दुसऱ्या मजल्यावर, काका तिसऱ्या. आजोबांनंतर आत्या दर भाऊबीजेला यायला लागली होती. २०१९ च्या भाऊबीजेला विधानसभेचा निकाल लागून जेमतेम पाच दिवस झाले होते आणि मुख्यमंत्री कोण यावरून रोज टीव्हीवर रणकंदन चालू होतं. आमच्या हॉलमध्येही ते सुरू झालं. सुरुवात जागावाटपावरून झाली, मग ते मागे मागे जात १९७९, मग नेहरू, मग गांधींच्या खुनानंतर १९४८ ला कुणाची घरं जळली इथपर्यंत पोचलं. काका म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळेच." बाबा म्हणाले, "तुझ्यासारख्या माणसाला भाऊ म्हणायची लाज वाटते." काकू रडायला लागली. दोघांची वयं पासष्टच्या पुढची, दोघांना बीपी. आत्या ओवाळणीचं ताट हातात घेऊन मध्ये उभी, निरांजन विझलेलं. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही नाही चढवला. म्हणाली, "माझ्यासाठी एवढं भांडला असतात ना रे दोघं, तर बरं झालं असतं."

हॉलमध्ये जे शांत झालं ते मी विसरू शकत नाही. पण त्या शांततेतूनही काका उठले आणि वर निघून गेले, न ओवाळता. बाबा आणि काका त्यानंतर दीड वर्ष बोलले नाहीत. पुढच्याच महिन्यात तेवीस नोव्हेंबरला पहाटे एक शपथविधी झाला, ते सरकार चार दिवसही टिकलं नाही, मग अठ्ठावीसला दुसराच शपथविधी, ज्यांनी जन्मभर एकमेकांना शिव्या घातल्या ते एका स्टेजवर. म्हणजे ज्यांच्यासाठी आमच्याकडे निरांजन विझलं त्यांनी महिन्याभरात जागा बदलल्या आणि आमचे दोन म्हातारे मात्र लिफ्टमध्ये समोरासमोर आले की भिंतीकडे बघत उभे. त्या महिन्यात मला राजकारणाचा खरंच खूप राग आला होता. घराघरांत हे झालंय, २०२४ ला बारामतीत तर नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्या वर्षी पाडव्याला लोकांना दोन ठिकाणी भेटायला जावं लागलं. असं काही बघितलं की वाटतंच, राजकारणासारखं तोडणारं दुसरं काही नाही.

पण एप्रिल २०२१ मध्ये एका रात्री काकांचं ऑक्सिजन ऐंशीच्या घरात आलं. बेड मिळत नव्हता, दुसरी लाट ज्यांनी पुण्यात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. चुलतभाऊ फोनवर फोन करत होता, आणि बाबा, ज्यांना आम्ही खाली उतरूसुद्धा देत नव्हतो, ते मास्कवर मास्क घालून गाडीची किल्ली घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. पहाटे बेड मिळाला. बाबा हॉस्पिटलच्या बाहेर गाडीत दोन दिवस बसून होते, घरी या म्हटलं तर म्हणायचे त्याने विचारलं तर. काका वाचले. आता पूर्वीसारखं नाही, वाद घालत नाहीत, टँकर आणि मेंटेनन्स यावरच बोलतात, बाबांना त्याचं वाईट वाटतं, पूर्वीचं भांडण बरं होतं म्हणतात. पण बोलतात. दीड वर्ष आणि एक रात्र. आत्यासाठी कुणाला तरी मरावं लागलं.

टिळक-आगरकरांची जोडी मला यात सारखी आठवते. १८८२ ला दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले, शाळा एकत्र चालवली, केसरी एकत्र सुरू केला, आणि पुढे इतके तुटले की आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघालेली ह्या गावाने बघितली. शाळेत आपण शिकतो की वाद होता, आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक. पण भांडण विकोपाला गेलं ते कशावरून? मुलीचं वय, विधवेचे केस, सोवळं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात वय दहाचं बारा करायचं होतं, एवढंच, आणि त्यावरून पुणं पेटलं. भाषा राजकारणाची होती, इंग्रज सरकारने आमच्या घरात लुडबुड करावी का, पण वाद चालला होता स्वयंपाकघरातला आणि माजघरातला. आगरकर १८९५ ला गेले, चाळिशीही न गाठता, आणि केसरीतला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. तो लिहिताना त्यांना काय झालं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

तर मला वाटतं ते असं आहे. राजकारणावरून तुटतं तेव्हा आवाज होतो, आवाज होतो म्हणून लक्षात राहतं, किस्सा होतो, डबे खाताना सांगता येतो. धर्म फार वेळा आवाजच करत नाही. तो माणसाला आत यायच्या आधीच थांबवतो, भाड्याने घर बघताना एजंट आधी आडनाव विचारतो तसा, आणि जो आत आलाच नाही त्याच्याशी भांडण कसं होणार. माझ्या ऑफिसातल्या ज्या मैत्रिणी म्हणाल्या की आमच्याकडे धर्मावरून वाद नाहीत, त्यांच्या घरी जेवायला येणाऱ्यांत दुसऱ्या धर्माचं कोण आहे हे मी मनातल्या मनात मोजायला लागले आणि मग स्वतःचं मोजलं.

एक होती. शाळेपासूनची मैत्रीण, एका बाकावर बसणारी, दहावी १९९४. तिच्या आईच्या हातचा शीरखुर्मा मी शाळकरी वयापासून खाल्लाय आणि माझ्या लग्नात माझी वेणी तिने घातली. लग्नानंतर तिला कर्वेनगरमध्ये माझ्याजवळ फ्लॅट हवा होता, दोन महिने फिरलो आम्ही, फोनवर सगळं ठरायचं आणि नाव सांगितलं की मालकांचा मुलगा परत येतोय असं निघायचं. शेवटी कोंढव्यात घेतला. तेव्हाही आम्ही दोघींनी यावर चर्चा केली नाही, कोंढव्यात पाणी चांगलं आहे म्हणे, असं काहीतरी मी म्हणाले.

एप्रिल २०२०. लॉकडाऊनचे पहिले दिवस, दिल्लीत तबलीगी जमातच्या मेळाव्यावरून मरकज प्रकरण झालेलं, आणि आमच्या दहावीच्या ग्रुपवर भाजीवाल्यांचे व्हिडिओ यायला लागले, हे लोक थुंकतात, यांच्याकडून घेऊ नका. एकामागून एक, हात जोडलेल्या इमोजींसकट. ती तेव्हा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, दिवसभर पीपीई किट घालून सॅम्पल तपासत होती. रात्री तिने लिहिलं, व्हिडिओ जुने आहेत, कोरोनाशी संबंध नाही, प्लीज पुढे पाठवू नका, मी रोज लॅबमध्ये आहे, काही शंका असेल तर मला विचारा. एवढंच. त्यावर ॲडमिनचा मेसेज आला, "ग्रुपवर नो पॉलिटिक्स प्लीज."

मी हे किती वेळा वाचलं असेल. व्हिडिओ आले तेव्हा ते राजकारण नव्हतं, ती बोलली तेव्हा ते राजकारण झालं. राजकारण हा शब्द आपण कशावर पांघरुण घालायला वापरतो ते मला तेव्हा कळायला हवं होतं. दहा चाळीसला ती ग्रुपमधून बाहेर पडली. मी टाइप केलं होतं, की ती बरोबर बोलतेय, मग खोडलं, उगाच कशाला, वातावरण आधीच वाईट आहे. तिला वेगळा मेसेजही केला नाही, काय लिहावं कळेना म्हणून, आणि मग एक दिवस गेला, एक आठवडा गेला आणि मग लिहिणं अशक्यच झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याची शक्यता दिसते असं म्हटलं. तो निकाल आमच्या ग्रुपवर कुणी टाकला नाही. मीही नाही. मला झोपाळ्यासमोर गप्प उभे असलेले बाबा कायम कळत नव्हते, आता कळतात, आणि हे कळणं मला नको आहे.

डेक्कनच्या सिग्नलवरून घरी आले त्या रात्री तिला फोन केला. पाच वर्षांहून जास्त झाली होती. दोन रिंगमध्ये उचलला. मी सॉरी म्हणायला लागले तर म्हणाली, "फोनवर नको. रविवारी ये."

गेले. कोंढव्यात तिची बिल्डिंग सापडायला वेळ लागला, आजूबाजूला सगळं नवं उभं राहिलंय. तिने दार उघडलं, केस पांढरे झालेत, माझेही. मी दारातच सगळं बोलले, ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्या लोकांचं मला काही वाटलं नाही गं. मी रात्री एक वाजेपर्यंत तुझं टायपिंग दिसतंय का ते बघत होते." मी काहीच बोलू शकले नाही आणि तिनेही समजूत घातली नाही, तसंच उभ्या राहिलो.

आतून तिच्या आईचा आवाज आला, कोण आलंय म्हणून. आता ऐंशीच्या आहेत, नीट दिसत नाही, माझा हात हातात घेऊन चाचपत म्हणाल्या, "कुठे होतीस गं इतकी वर्षं? ही म्हणायची तुझी बदली झालीय बंगलोरला."